फुटपाथ बघायला कात्रजला

रविवारी पुणेकर सिंहगडावर जातात. मी आणि दादा, म्हणजे माझे वडील, फुटपाथ बघायला कात्रजला गेलो.

महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी आपल्या भागातली छोटी कामं नागरिकांना सुचवता येतात. विश्रांतवाडीत आमच्या गल्लीपासून बुद्धविहारापर्यंत फुटपाथच नव्हता. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दादांनी विहारात जाणं सोडलं होतं. माझ्या आयटी कंपनीतल्या मैत्रिणीची आई, सुनंदाताई, व्हीलचेअरवर असतात. त्यांनी कात्रजला अशीच सूचना देऊन, पाठपुरावा करून घरापाशी फुटपाथ मिळवला होता. म्हटलं, त्यांनाच विचारू.

तुम्हीही कात्रजला जाणार असाल तर बसचा दिवसाचा पास काढा, गाडीपेक्षा स्वस्त. स्वारगेटला बस बदलायची. तिथे गरम पोहे मिळतात. दादा सावकाश चढत होते, तर मागून एकजण ओरडला, "आजोबा, लवकर!" कंडक्टर शांतपणे म्हणाला, "एवढी घाई होती तर काल निघायचं."

सुनंदाताई फुटपाथच्या तोंडाशीच थांबल्या होत्या.

"पहिला उतार घसरगुंडी होता," त्या म्हणाल्या. "मी इंजिनिअरसाहेबांना म्हटलं, खुर्चीत तुम्ही बसा, मी बघते."

"बसले?" दादांनी विचारलं.

"बसले आणि घाबरले! मग तोडून नवा केला. अहो, काम मागितलं की संपत नाही, करून घ्यावं लागतं."

दादा त्या फुटपाथवरून शेवटपर्यंत गेले, वळले, परत आले. काठी बगलेत होती. मग कात्रज डेअरीची थंडगार लस्सी प्यायलो. ती चुकवू नका.

पुढच्या आठवड्यात आमच्या भागातली नागरिकांची बैठक होती. महापालिकेचे तरुण इंजिनिअर म्हणाले, "काका, तिथे रुंदी पुरत नाही."

चारचौघांत कधी न बोलणारे दादा उठले. "आपण दोघं एकदा चालून बघू या का? संध्याकाळी, कंपन्यांच्या बसेस सुटतात तेव्हा."

इंजिनिअर खरंच आले. एक टेम्पो इतका जवळून गेला की त्यांनी दादांचा हात घट्ट धरला. विहाराच्या फाटकापर्यंत सोडला नाही. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन माणसं आली.

काम अंदाजपत्रकात धरलं गेलं आणि झालंही. विजेच्या एका डीपीपाशी अजून रस्त्यावर उतरावं लागतं. त्यासाठी भांडण चालू आहे.

त्या सहलीतून माझ्याकडे काय उरलं? कात्रजचे दोन फोटो. दादांकडे जास्त उरलं. काल विहारातून आले आणि चपला काढता काढता म्हणाले, "यंदा बैठकीत पथदिव्यांचं मी बोलणार आहे. तू ऑफिसला जा."