शून्य वापराचं कपाट

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात खिडकीजवळच्या कपाटात शेती, झाडंझुडपं, जनावरं, त्यांचे आजार अशा विषयांवरची जाडजूड पुस्तकं होती. ‘होती’ म्हणताना आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मी तिथली ग्रंथपाल. एका सकाळी प्राचार्यांनी मला बोलावलं आणि संगणकातून काढलेला कागद पुढे सरकवला. गेल्या काही वर्षांत कोणतं पुस्तक किती वेळा घरी गेलं आणि किती वेळा इथं बसून वाचलं गेलं, ते त्यात होतं. या कपाटापुढे सरळ शून्य.

“मॅडम, कुणी वाचतच नाही ते सांभाळायचं कशाला? कपाट रिकामं करू, स्पर्धा परीक्षेची गाइडं ठेवू. त्यांना बघा किती मागणी आहे.”

कुणी वाचत नाही! प्राचार्य ग्रंथालयात यायचे ते पाहुणे आले की, फोटोपुरते. त्या कपाटापुढच्या बाकावर कोण बसतं हे त्यांना कुठून दिसणार?

तिथे बसायची विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी. धारूरकडच्या डोंगरातून एसटीनं यायची. घरी शेरडं-मेंढरं, घरच्यांचा मुक्काम कधी वस्तीवर, कधी कुणाच्या रानात. मागच्या पावसाळ्यात त्यांची कोकरं पटापट मेली होती. तेव्हापासून शेळ्या-मेंढ्यांच्या आजारांवरचं एक पुस्तक तिनं पहिल्या पानापासून वाचायला घेतलं होतं. पुढच्या पावसाळ्याआधी ते संपवायचं, असं तिनं ठरवलं होतं. गाडीची वेळ होईपर्यंत वाचायची, अवघड शब्द आला की मला विचारायची.

“अगं, घरी ने की,” मी एकदा म्हटलं.

“न्हाई म्याडम. ठिवू कुठं? शेरडाला कागद दिसला की दम न्हाई. पुस्तक खाल्लं तर तुमाला काय तोंड दाखवू?”

अशा आणखीही पोरी होत्या. पुस्तक इथंच वाचायच्या आणि रिकाम्या हातानं घरी जायच्या.

बसून वाचलेल्या पुस्तकांची मोजदाद आमच्याकडे नव्हती असं नाही. संध्याकाळी टेबलांवर उरलेली पुस्तकं शिपाई गोळा करायचा आणि तेवढी वाचली गेली असं धरायचं. पण ग्रंथालयाच्या भिंतीवर, याच प्राचार्यांच्या हुकमानं रंगवलेला फलक होता: ‘पुस्तक जिथून घेतले तिथेच ठेवावे.’ वस्तीवरच्या पोरींना तर त्या फलकाचीही गरज नव्हती. जेवून उठताना आपलं ताट आपण उचलायचं, हे वळण त्यांना घरचंच. टेबलावर पसारा टाकून जायची ती गाइडं चाळणारी मंडळी. हवी ती पानं फाडून न्यायची आणि उरलेलं तसंच सोडायची. त्यांचा वापर कागदावर भरघोस. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

मी तिला बजावलं, आजपासून पुस्तक टेबलावरच सोडून जायचं. “बरं म्याडम,” म्हणाली. संध्याकाळी बघते तर पुस्तक कपाटात. दुसऱ्या दिवशी मी चिडले.

“दारापत्तर गेलते, म्याडम. पर माघारी आले. उष्टं ताट टाकून उठल्यावानी वाटतंय.”

मला हसू आलं आणि संतापही आला, पण तिच्यावर नाही.

मग बैठक झाली. संस्थेचे अध्यक्ष आले. मोठे जमीनदार, तालुक्याच्या राजकारणातलं वजनदार माणूस. मी सगळं सांगितलं. आकड्यांशी माझं वैर नाही, तेही सांगितलं. हे पुस्तक घरी का जात नाही ते जाऊन बघा, एवढंच आकडा सांगतो. पुढे बघायला आपणच उठायचं असतं. शेवटी मला राहवलं नाही.

“साहेब, पाणपोईवर किती जणांची तहान भागली, हे घागर भरून घरी नेणाऱ्यांवरून आणि पाणी सांडून जाणाऱ्यांवरून मोजता का तुम्ही?”

“आवो म्याडम, आकड्यात न्हाई ते कावून ठिवायचं?”

“मग आजपासून बसून वाचणाऱ्यांची नोंद मी स्वतः, नावानिशी ठेवते. वर्षभर थांबा.”

प्राचार्य हसले. “आजपासूनचं कोण विचारतंय? तपासणीला येणारी समिती मागची वर्षं बघणार.”

कपाट भिंतीपलीकडच्या खोलीत होतं. एकही जण उठून बघायला आला नाही. चहा मात्र दोनदा आला.

त्यानंतर मला निवडणुकीच्या कामाला जुंपलं. ते उरकून परतले तर कपाट जागेवरच होतं, आत चकचकीत गाइडं. शिपायाला विचारलं तर त्यानं मान खाली घातली.

“टेम्पो आलता, म्याडम. रद्दीवाल्याचा.”

पाठोपाठ प्राचार्यांनी निर्लेखनाचा, म्हणजे ही पुस्तकं बाद केल्याचा कागद माझ्या सहीसाठी धाडला. आधी रद्दीत घालायचं आणि मग ग्रंथपालाची संमती मागायची! मी सही केली नाही. करणारही नाही. त्यानं पुस्तकं परत येणार नाहीत, हे मलाही कळतं.

दुपारी ती आली. नेहमीसारखी पिशवी बाकावर ठेवून कपाटाकडे गेली. तिला कसं सांगावं याचे शब्द मी देवघेवीच्या टेबलामागे जुळवत होते. तिनं गाइडं बाजूला सारली, त्यांच्या मागे पाहिलं, वाकून खालच्या फळीवर पाहिलं, मग शेजारचं कपाट उघडलं. तिथंही मिळालं नाही, तेव्हा ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. चेहरा पार उतरला होता.

मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, “आईशप्पथ म्याडम, मी जाग्यावरच ठिवलतं.”