डाव्या बाजूचं मंदिर

माझ्या इंग्रजीमुळे माझे बाबा डोक्याला टाके घेऊन दीड तास एकटे बसून राहिले.

बाबा रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या एका स्टील कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. मी रायपूरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. (एम.ए., फर्स्ट क्लास. हे लिहिताना आता हात अडखळतो.) त्या दुपारी बाबांच्या नव्या साहेबांचा मेसेज आला. साहेब केरळचे, त्यांना हिंदी येत नव्हती. ‘फादर स्लिप्ड. लेफ्ट टेंपल इंज्युरी. कम सून.’ उलट फोन केला तर साहेब उचलेनात. बाबांचा फोन बंद.

“काय लिवलं वं?” आईने विचारलं.

“बाबा घसरून पडले. डाव्या बाजूच्या मंदिरात. लागलंय त्यांना.”

“मंदिरात?” आई माझ्याकडे बघतच राहिली. “तुहे बाबा बुद्धविहाराशिवाय कुठं जात नाहीत. मंदिरात काहून गेले?”

“आई, आता हे विचारायची वेळ आहे का!”

स्कूटरवर आई मागे बसली आणि थोड्या वेळाने माझ्या कानाशी बोलू लागली. “काहीतरी मोठं दुखनं असन त्यायले. डॉक्टरनं सांगतलं असन अन् ते आपल्यापासून लपवून राहिले असतीन. मानूस असाच नाही जात मंदिरात!”

ते ऐकून मीही स्कूटरचा वेग वाढवला. (शहरातला पंडरी भाग मागे पडेपर्यंत आम्ही मायलेकींनी बाबांना असाध्य आजार जडवूनही टाकला होता.)

कारखान्याच्या रस्त्यावर डावीकडे एक मंदिर दिसलं. धावतच आत गेलो. पुजारी म्हणाले, “यहाँ तो कोई नहीं गिरा, दीदी.”

पुढे आणखी एक मंदिर होतं, पण ते उजवीकडे. आई म्हणाली, “साहेब कारखान्यातून येईन, तर त्याले हेच डावं पडन ना!” मला पटलं! दारातल्या फुलवालीला विचारलं, इथे कोणी पडलं का?

“हव, एक झन सियान गिरे रिहिस. मूड़ ले लहू बोहावत रिहिस.”

म्हातारा माणूस पडला, डोक्यातून रक्त वाहत होतं! आई तशीच पायऱ्या चढायला लागली.

“फेर वो तो काली के बात आय,” फुलवाली हार ओवत म्हणाली. कालची गोष्ट!

शेवटी कारखान्याच्या फाटकावर पोचलो. गार्डने आम्हाला बघताच विचारलं, “स्टोरवाले भैया के घर से? अंदर दवाखाने में हैं. कनपटी में लगी है, बाईं तरफ.”

कनपटी. म्हणजे कानशील. म्हणजे टेंपल! दरवर्षी मी पोरांना डोळा, नाक, कान इंग्रजीत शिकवते. डोळा आणि कान यांच्या मधल्या त्या इवल्या जागेपर्यंत आमचं पुस्तक कधी पोचलंच नव्हतं.

बाबा बाकावर बसले होते. डोक्याला पट्टी, चार टाके, कॉलरवर वाळलेलं रक्त.

“दीड घंटा झाला,” ते हळूच म्हणाले. “मले वाटलं, कोनी येतच नाही. दरवाज्याकडंच पाहून राहिलो होतो.”

आईने त्यांचा हात धरला आणि रडायला लागली. रडता रडताच तिने विचारलं, “तुमी मंदिरात नव्हते गेले?”

“मी? कायले?”

मी सगळं सांगितलं. बाबा हसायला गेले, टाके ताणले, “आई गं!” म्हणून विव्हळले.

“तुमी हासू नका!” आई ओरडली. “अन् तू बोलू नको!”

तेवढ्यात डॉक्टरांनी औषधांचा कागद पुढे केला. सगळा इंग्रजीत. मी सवयीने हात लांब केला. आईने मधल्यामध्ये कागद घेतला आणि कंपाउंडरला दिला.

“भैया, आप पढ़ दो. इसको इंग्लिश आती है.”