चौथ्या नंबरचा सँड डॉलर

लहान डिपार्टमेंटमध्ये दोन गोष्टी साठत जातात, दगड आणि किस्से. कपाटात जागा नसते, पण दोन्ही टाकवत नाहीत. यवतमाळच्या आमच्या कॉलेजात भूशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला यंदा सहाच पोरं होती. "निकाल घसरला तर विषय बंद, खोली कॉम्प्युटरला," असं प्रिन्सिपॉल दर भेटीत प्रेमाने सांगायचे. 

*

आमच्या संग्रहाची शान म्हणजे कच्छहून आणलेला सँड डॉलर. समुद्रातल्या चपट्या, गोल प्राण्याचं जीवाश्म, पाठीवर पाच पाकळ्यांचं फूल. लॅब अटेंडंट सलीमभाई तो रोज पुसतात. पाहुण्यांना सांगतात, "समुद्र काही मी पाह्यला नाही. पण त्याची भाकर रोज साफ करून राह्यलो."

*

राजूरच्या खाणीतले एक गृहस्थ एकदा पेपरात गुंडाळून काहीतरी घेऊन आले. "सर, कोयश्यात सापडलं. तुमच्यावाला सँड डॉलरच हाय ना?" गोल, चपटं, वर नक्षी. मी समजावलं की तो कोळसा सँड डॉलर जन्माला येण्याच्या कितीतरी आधीचा. सलीमभाईंच्या भावाचं गॅरेज आहे. सलीमभाईंनी वस्तू उलटीपालटी केली. "ट्रॅक्टरची क्लच प्लेट हाय, सर." गृहस्थ ती तशीच ठेवून गेले. अजून कपाटात आहे.

*

'सागरी बिस्किटं' नावाचे जाड समुद्री जीव आणि चपटे सँड डॉलर यांचं नातं समजत होतो तितकं जवळचं नाही, असं आता जनुकं सांगतात. मी लेबलं बदलायला सांगितली. सलीमभाई हिरमुसले. "इतकी वर्सं एका ट्रेत राह्यले ना, सर. आता काहून वाटण्या?" पण केल्या. मध्ये पुठ्ठा उभा केला.

तिसऱ्या वर्षाला हेच शिकवताना मी म्हटलं, जनुकांच्या हिशोबाने हा वंश डायनासोरच्या काळातला, सापडलेले जीवाश्म मात्र नंतरचे. पूजा राठोड म्हणाली, "शाळेत नाव टाकताना वय कमी लिवलं असन, सर." माझ्या वडिलांचंही तसंच आहे, त्यामुळे रागावता आलं नाही.

*

प्रॅक्टिकलला नंबर लावून नमुने मांडतात, पोरांनी ओळखून नाव लिहायचं. यंदाचे परीक्षक बाहेरचे, मोठे प्राध्यापक, पण शिकलेले आमच्याच कॉलेजात. विषयाची इज्जत राहावी म्हणून सलीमभाईंनी एकूण एक नमुना चकाचक केला. चौथ्या नंबरला सँड डॉलर होता. सहाही पोरांनी चौथी ओळ कोरी सोडली.

 वेळ संपल्यावर पूजाला बाहेर गाठलं.

"सर, त्याच्या काठाचा टवका उडेल राह्यते ना, त्याच्यावरूनच आमी ओळखतो. सीनियरनं तसंच सांगतलं होतं. याले तं टवकाच नाही."

मागून आलेले सलीमभाई खाली बघू लागले. टवका त्यांनी आदल्या दिवशी पुट्टीने भरला होता. रंगसुद्धा जुळवला होता.

आत परीक्षक सहा पेपर शेजारी शेजारी ठेवून बसले होते. "चौथा कोणालाच येत नाही? आणा इकडे."

त्यांनी नमुना हातात घेतला. कडेवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. चष्मा काढून नमुना उजेडाकडे धरला. मग हळूच सलीमभाईंकडे वाकून विचारलं,

"भाई, याचा टवका कुठं गेला?"