तुरीच्या खळ्यावरचे दाजी

समुद्र आणा म्हणे डोळ्यांपुढं! सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशनाच्या मॅडम मला सांगून राह्यल्या होत्या. माझं बीपी वाढल्तं, रागानं जेवण जात न्हवतं. डोळे मिटा, श्वास सोडा, शांत जागा बघा. आता परतुरात जन्म गेलेल्या बाईनं समुद्र कुठून आणावा? मला दिसलं खळं. वाळलेल्या तुरीचा ढीग, माझ्या हातात बडवायचं दांडकं, अन् ढिगात उताणे पडलेले आमचे दाजी.

दाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचा नवरा. त्यानं वरवंट्यानं अक्काचा हात मोडल्ता. प्लास्टरातला हात घेऊन ती माहेरी आल्ती. मंग मी काय करणार? डोळे मिटायची अन् बडवायची. आधी गुडघे, मंग बरगड्या. शेंगा तडकाव्यात तशी हाडं तडकायची. तोंड शेवटी. पाणी मागायचा, देत न्हवते. डोळे उघडले की मला सपाटून भूक लागायची. गोळ्यांनी जे झालं न्हाई ते ह्यानं झालं, खोटं कशाला बोलू?

अक्कालाही मीच मॅडमकडं नेलं. ती गपचूप डोळे मिटून बसायची. तिला काय दिसतं, ते मी कधी विचारलं न्हाई.

आमच्या विहारात रविवारी वंदना झाली की मैत्रीभावना करतात. ज्याचा राग येतो त्याला डोळ्यांपुढं आणायचं अन् तुझं मंगल होवो म्हणायचं. मी म्हणायची की! फटक्यागणिक म्हणायची.

अशाच एका रविवारी दाजी खरंच विहारात आले, पांढरा शर्ट घालून. वस्तीतल्या मोठ्या माणसांपुढं हात जोडले, चुकलो म्हणाले, अक्काला न्यायला आलो म्हणाले. माणसं पाघळली. मैत्रीभावना काय नुसती तोंडानं करायची का, असं एकानं आमच्या बाबांनाच सुनावलं. आईनं माझं मनगट घट्ट धरलं. मी तोंड उघडलं असतं तर हीच बहिणीचा संसार मोडून राह्यली म्हणले असते, अन् अक्काची रवानगी झाली असती. दातओठ खाऊन मी डोळे मिटले. ह्या बारीला डोकंच फोडलं त्याचं, मेंदू बाहेर येईस्तोवर.

मंग बाबांनी अक्काला विचारलं. तिकडं परत गेलीस असं डोळ्यांपुढं आणून बघ, म्हणाले, अन् काय वाटतं ते सांग. अक्कानं डोळे मिटले.

"रोजच बघते," ती म्हणाली. "त्या घरात माझी मैयत ठेवलेली दिसते. तुम्ही सगळे आलेले असता. मला कुणी मारून न्हाई राह्यलं. लई शांत वाटतं, बाबा."

बाबा उठले. दाजीला दंडाला धरून दारापर्यंत नेलं, चपला त्याच्या हातात दिल्या अन् म्हणाले, "इथं परत येऊ नका."

अक्का अजून डोळे मिटूनच बसल्ती. ती डोळे उघडत न्हवती, अन् मी तिचे खांदे धरून तिला हलवून राह्यले होते.