पहिली पोळी

"कणकेला तिचा हात नको लागायला. कांदे चिरू दे, भांडी घासू दे. ते चालेल."

ऋचाचा आवाज. होस्टेलच्या स्वयंपाकघराचं दार अर्धं उघडं होतं आणि बाहेर मी पिठाची पिशवी घेऊन उभी होते. पीठ मीच आणलं होतं. दोन ट्राम बदलून, तुर्की माणसाच्या दुकानातून.

"अगं, पण तिच्या पोळ्या किती मऊ होतात," ईशा म्हणाली.

"मी नाही गं मानत काही. पण देवाचं आहे. आईला कळलं तर?"

मी मनात दहापर्यंत आकडे म्हटले. मग पावलं वाजवत आत गेले, आत्ताच आल्यासारखी. ऋचा गोड हसली. माझ्यापुढे कांदे सरकवले. मी चिरले.

आम्ही तिघी पुण्याच्या एकाच कॉलेजातल्या. सहा आठवड्यांच्या उन्हाळी अभ्यासक्रमासाठी जर्मनीत आलो होतो. ऋचानं गणपतीची छोटी तसबीर आणली होती, ती फ्रिजवर असायची. रोजची पहिली पोळी त्याच्यापुढे ठेवायची, मग जेवायचं. पोळ्या मी करायचे. त्या दोघींना लाटता येत नव्हतं. तीन आठवडे ती पहिली पोळी माझ्या हातची होती.

मग प्रागची सहल आली. आगगाडीत आम्ही एका टेबलाभोवती बसलो होतो. बाबांचा व्हिडिओ कॉल आला. बाबा मंगरूळपीरला एसटीत कंडक्टर आहेत. भरल्या गाडीत शेवटच्या सीटपर्यंत जाणारा आवाज.

"जय भीम, बेटा! कुठं हिंडून राह्यली?"

मी कॉल कापला. "रेंज गेली," म्हणाले. ईशा खिडकीबाहेर बघू लागली. ऋचानं माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ.

आमचं आडनाव गावावरून पडलेलं. त्यावरून काही कळत नाही. लोक अंदाज बांधतात, मी बांधू देते. लपणं मी लहानपणीच शिकले. वाशीमच्या इंग्रजी शाळेत तोंडून 'मले' निघालं की वर्ग हसायचा. मी 'मला' म्हणायला लागले. मग बोलणंच कमी केलं.

प्रागमध्ये दोन दिवस मी त्यांचे फोटो काढले. पुलावर, किल्ल्यापुढे. माझा एकही नाही.

आणि परत आल्यावर ते कांदे.

त्या संध्याकाळी मी जे केलं ते लिहायला हात धजत नाही. तरी लिहिते. मी बाबांना मेसेज केला, 'फोनवर फक्त हॅलो म्हणत जा. इथे सगळे असतात.'

बऱ्याच वेळानं त्यांचा अंगठा आला. पिवळा अंगठा. बस्स.

डेपोत साहेबासमोरही 'जय भीम' म्हणूनच ड्युटीवर चढणारा माणूस. त्याला गप्प कुणी केलं? कुठल्या साहेबानं नाही. मी. त्याच्या शिकलेल्या पोरीनं.

पुढचे आठ दिवस भांडी घासली. ऋचाच्या पोळ्या जाड, कडेला कच्च्या. तरी पहिली देवापुढे. माझ्या घशाखाली ती उतरेना. मी पाव खायचे. कपडे धुण्याच्या खोलीत यंत्र सुरू करून रडायचे, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. यंत्र रिकामंच फिरायचं. सगळं सोडून घरी जावंसं वाटायचं. पण घरी जाऊन कुणाच्या पुढ्यात उभी राहणार होते? बाबांच्याच.

बाबांचा फोन यायचा. "हॅलो." हळू. परक्याच्या उंबऱ्यावर उभं राहिल्यासारखं. "जेवली काय?" "हो." "बरं."

एकदा मागून आई म्हणाली, "तुमी असे काहून बोलून राह्यले? घसा बसला काय?"

"अवं, पोरीचा क्लास सुरू असन," बाबा म्हणाले.

ते मला सांभाळून घेत होते. मी भिंतीला टेकून खाली बसले.

रविवारी दुपारी ऋचा तिच्या आईला फोनवर स्वयंपाकघर दाखवत होती.

"पोळ्या कोण करतंय गं?"

"मीच."

"तूच कर हो बाई. आपलं आपल्या हातानं बरं."

ऋचानं फोन ठेवला. करपलेला तवा उचलून माझ्यापुढे धरला. "एवढा घासून देतेस? तुझा हात बसलाय ना."

ईशा हसली. सवयीनं असेल. पण हसली.

मी तवा बेसिनमध्ये ठेवला. नळ सोडला नाही. तेवढ्यात माझा फोन वाजला. बाबा.

"हॅलो," ते म्हणाले.

मीच शिकवलेला शब्द.

मी फोन स्पीकरवर टाकला आणि कणकेच्या परातीशेजारी ठेवला. मग ऋचाकडे बघितलं. सरळ.

"तीन आठवडे तुझ्या देवानं माझ्या हातची पोळी खाल्ली, ऋचा. तूही खाल्लीस. आता तुझा तवा तू घास."

फोनमधून बाबांचा आवाज आला, "काय झालं, बेटा? कोणी काही म्हटलं काय?"

अजून अकरा दिवस याच दोघींबरोबर एका खोलीत काढायचे होते. अकरा दिवस कुणी माझ्याशी बोलणार नव्हतं. पुण्याला गेल्यावर कॉलेजभर होणार होतं. हे सगळं मला दिसत होतं.

"बाबा, जय भीम," मी म्हणाले. "चुकले मी. आता तुमच्या गाडीतल्या आवाजात म्हणा. इथं शेवटच्या सीटपर्यंत ऐकू गेलं पाहिजे."