कमानीच्या पाट्याची तलवार

आंबागडाच्या डोंगरापलीकडच्या गावात सेवकराम लोहाराला वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस कोणी फारसं विचारत नसे. विळा, फाळ, कुऱ्हाड पाजवून झाली की लोक आपल्या वाटेने जात. पण दसऱ्याला तोच सेवकराम धुतलेलं धोतर नेसून, कपाळाला गुलाल लावून पाटलांच्या उजव्या हाताला उभा राही, आणि त्याने पुढे केल्याशिवाय पाटलांच्या हाती तलवार येत नसे. एवढा एक दिवस त्याचा होता. बाकीचं वर्ष तो त्या दिवसाच्या भरवशावर जगायचा.

दसऱ्याला शिवेवर देवीसमोर कोहळा कापायचा, तोही एका घावात. दुसरा घाव लागला तर गावाचं वर्ष वाईट जाणार. आणखी एक नियम होता, तो याहून कडक. धार लावलेल्या तलवारीने कोहळ्याआधी काहीएक कापायचं नाही, गवताची काडीसुद्धा नाही. तिची पहिली चव देवीची. म्हणजे धार लागली की नाही, पातं टिकेल की नाही, हे लोहाराने कापून पाहायचंच नाही. नखावर टेकवून आणि टिचकीचा आवाज ऐकून ओळखायचं. सेवकरामचा आजा ओळखायचा, बाप ओळखायचा, आणि सेवकरामचा कान तर बापाहून तिखट. कोहळा दोन झाला की उजवी फोड लोहाराच्या घरी मानाने येई. त्याची बायको चंद्रभागाबाई तिची भाजी करी आणि शेजारणींना वाटी वाटी देऊन येई. त्या दिवशी तिची चालही वेगळी असे.

जुनी तलवार पाटलांच्या घराण्यातली. नवरात्रात तीन दिवस सेवकराम तिला घेऊन बसे. आधी नाल्यातल्या वाळूच्या दगडावर पाणी टाकून, मग बारीक दगडावर, शेवटी खोबरेल आणि राखेचा हात. पंचाहत्तरच्या दसऱ्यानंतर यादोराव पाटील वारले आणि नोकरीला असलेला त्यांचा मुलगा तलवार नागपूरला घेऊन गेला. तिथे त्याने ती भिंतीवर रेडिओच्या वर टांगली आणि गंजू नये म्हणून तिला व्हार्निश मारलं. हे ऐकलं त्या दिवशी सेवकराम जेवला नाही.

दोन दसरे कुऱ्हाडीवर भागले. लोकांना लाज वाटू लागली. अठ्ठ्याहत्तर साली देवळात बैठक बसली आणि धानगिरणीचे मालक भय्याजी म्हणाले, की स्वस्तातली पण कामाची तलवार विकत घेऊ. पाटलांच्या मागे कोहळा कापायचा मान त्यांनी आपल्याकडे घेतला होता. कोणी दिला, हे कोणी विचारलं नाही. गिरणीवाल्याशी वाकडं घेऊन धान कुठे न्यायचं?

सेवकराम बैठकीत उठून म्हणाला, "इकत कायले घेता? मीच घडवून देतो."

त्याने तुमसरहून ट्रकच्या चाकावरच्या मोडक्या कमानीचा पोलादी पाटा आणला. दीड महिना तो तापवला, ठोकला, पाणी दिलं. घण मारायला चंद्रभागाबाई. पातं मुठीच्या टोकापर्यंत आरपार नेलं, दोन्ही बाजूंनी धावड्याचं लाकूड बसवलं आणि तीन खिळे आरपार ठोकून त्यांची टोकं चेपून घट्ट केली. तलवार काळीच राहिली. पण टिचकी मारली की मुठीच्या टोकापासून पात्याच्या टोकापर्यंत एकच आवाज धावे.

त्याने ती देवळात आणून ठेवली. भय्याजींनी पायाच्या अंगठ्याने तिला जरा सरकवलं.

"हे तलवार हाय का भट्टीतला चिमटा? देवीसमोर हे काळं धूड धरू का मी?"

लोक हसले. तलवारीला पाय लागला याचं कोणाला काही वाटलं नाही.

आठ दिवसांनी भय्याजींनी भंडाऱ्यातल्या एका पितळी भांड्यांच्या दुकानातून तलवार आणली. मुठीला सिंहाचं तोंड, लाल मखमलीचं म्यान, पात्यात तोंड पाहून घ्यावं अशी चकाकी. गावाने मुठीला धागा बांधला, कुंकू लावलं आणि ती धार लावायला सेवकरामकडे पाठवली. सोबत भय्याजी स्वतः आले.

सेवकरामने टिचकी मारली. आवाज निघाला आणि मुठीपाशी येऊन मेला. त्याने परत मारली. परत तेच.

"भय्याजी, पातं मुठीत बोटभरच गेलं हाय. तेही झाळ मारून चिकटवलं हाय. मी मूठ खोलून पायतो."

"पूजा केलेली मूठ खोलशील?"

"मंग इच्यानं कोहळा कापू नका. हे टांगाची हाय, माराची नाई."

भय्याजी शांतपणे म्हणाले, "तुयी घेतली नाई म्हणून जळून राहिला तू. धार लावत असशील तं लाव. नाई तं मी तुमसरच्या शाणवाल्याकडून लावून आणतो, आन् दसऱ्यालेही थोच उभा राहीन माह्या बाजूले."

भय्याजींनी नेमकं जिथे दुखतं तिथे बोट ठेवलं होतं.

ते गेल्यावर चंद्रभागाबाई म्हणाली, "नका लावू. तुमच्या कानानं सांगतलं ना एकडाव?"

"मान जाईन."

"आन् मुंडी गेली मंग?"

 सेवकरामने दगडावर पाणी टाकलं. इथे तो चुकला, आणि चुकतो आहे हे त्याला तेव्हाच कळत होतं. ज्या लोखंडाला त्याने खोटं म्हटलं, त्यालाच तो तीन दिवस घासत बसला. पातं मऊ होतं, धार सारखी मुरडायची. त्याने हट्टाने ती उभी केली. कोणाच्याही तलवारीला लावली नसेल अशी धार त्याने त्या भिकार पात्याला लावली. लोहाराचा हात तो, खोटं काम त्याला येतच नव्हतं.

दसऱ्याला तो नेहमीच्या जागी, उजव्या हाताला उभा राहिला. भय्याजींनी तलवार उगारली आणि हाणली. पातं कोहळ्यात अर्ध्यावर अडकलं. दुसरा घाव म्हणजे अपशकुन, म्हणून भय्याजींनी पातं वर न उचलता तसंच जोराने ओढलं. सिंहाचं तोंड त्यांच्या मुठीत राहिलं आणि पातं सुटून उजवीकडे गेलं. सेवकरामने तोंडावर हात घेतला. तोंड वाचलं. उजव्या हाताची तीन बोटं खोल चिरली आणि त्यांच्या खालच्या शिरा तुटल्या.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात बोटं शिवली, ती जागेवर राहिली, पण मिटायची बंद झाली. तो परत आला तोवर गावाने निकाल लावून टाकला होता. सेवकरामने जळकेपणाने मुठीपाशी पातं घासून बारीक केलं, देवीने त्याचं त्याला दिलं. हे बोलणाऱ्यांत त्याचा शेजारी खुशालही होता, ज्याचे विळे त्याने वीस वर्षं पाजवले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. फक्त इथे संन्याशाने दोर स्वतः वळून दिला होता, आणि सेवकरामला झोप येत नसे ती त्यामुळे.

हात बरा झाल्यावर त्याने एक दिवस देवळातून परत आणलेली आपली काळी तलवार भट्टीत घातली. डाव्या हाताने सांडशी धरली, चंद्रभागाबाईने घण मारला. पहिला घाव मारताना ती रडली. तलवारीचे दोन विळे झाले, थोडे ओबडधोबड, पण त्यांची धार हंगामभर उतरत नसे. मग तो भाता ओढायचं तेवढं काम करी, आणि बाकी दिवस चंद्रभागाबाई लोकांच्या धानकापणीला जाई.

पुढच्या दसऱ्याला भय्याजींनी त्याच दुकानातून त्याहून मोठी तलवार आणली. यंदा धार लावायची नाही, असं ठरलं. सकाळी भय्याजींची बायको निर्मलाबाई चंद्रभागाबाईकडे आली.

"बाई, तुमचा इळा देता का? हलकं धान कापाचं हाय. संध्याकाळी आणून देतो."

चंद्रभागाबाईने दिला. दुपारी शिवेवर गर्दी झाली. सेवकराम घरीच बसला. ढोल वाजले, आणि लोक सांगत आले की भय्याजींनी तलवार नुसती टेकवली अन् कोहळा दोन झाला. देवीचा कौल, गाव पावन झालं.

संध्याकाळी निर्मलाबाईने विळा आणून दिला, वर कोहळ्याची उजवी फोडही. भय्याजी म्हणाले होते म्हणे, झालं गेलं विसरून जावं.

सेवकरामने विळा उचलला. त्याला धानाची एक काडी लागली नव्हती. दांड्यापाशी कोहळ्याची पांढरी बी चिकटून वाळली होती. मग त्याने फोड मांडीवर घेतली आणि डाव्या अंगठ्याने कापलेला भाग चाचपला. सपाट, कुठे चिरफाड नाही. सालीवर कापाच्या कडेने कुंकवाचा जाड थर, आधीच कापलेल्या फोडी जोडून सांधा झाकायला लावलेला.

"हे माही धार हाय," तो म्हणाला.

चंद्रभागाबाई ताडकन उठली. "चाला मंग. आत्ता सांगू साऱ्या गावाले."

सेवकरामने आपल्या न मिटणाऱ्या बोटांकडे पाहिलं.

"गाव आयकत असतं तं मी इथं बसून असतो का?" तो म्हणाला. "अन् मी तरी कुठं आयकलं स्वतःचं?"

तिने फोड उचलली आणि मागच्या दारी बकरीपुढे टाकली. मग आत येऊन विळा धुऊन ठेवला. सकाळी खुशालच्या बांधीत धान कापायला जायचं होतं.