कागद फिरवून भरलेली सावली

ऑफिसात त्याला सगळे झेरॉक्स म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि हा वेडा त्या नावाला ओ द्यायचा! साबणाचं खोकं असो, खोकल्याच्या औषधाचं लेबल असो, साहेबांनी कुठलंतरी चित्र टेबलावर टाकून "अगदी अस्संच पाहिजे" म्हणायचा अवकाश, दुपारच्या चहापर्यंत अस्संच तयार. कुणाचीही रेघ याच्या हातात लगेच यायची. स्वतःची म्हणावी अशी एकही नव्हती. बेचाळिशी आली तरी नव्हती, आणि हे दुखणं तो कुणाला सांगूही शकत नव्हता.

एकदा हिय्या करून तो मुलांची पुस्तकं छापणाऱ्या एका बाईंकडे बारा चित्रं घेऊन गेला. बाईंनी ती टेबलावर मांडली, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"छान आहेत हो," बाई म्हणाल्या, "पण हे बारा जणांचे हात आहेत. यातला तुमचा कुठला?"

काय सांगणार, कपाळ! कागद गोळा करून तो खाली मान घालून जिना उतरला.

त्यानंतर आठ महिने घरच्यांनी जे सोसलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. बोरू झाला, काडी झाली, स्पंज झाला, बायकोचा दात घासायचा ब्रशसुद्धा शाईत बुडाला. "आता माझं नाकच तेवढं राहिलंय, तेही बुडवा," बायको म्हणाली. काहीही केलं तरी दुसऱ्या दिवशी चित्र बघितलं की त्यात कुणीतरी ओळखीचा दिसायचाच. मग फाड, टाक टोपलीत.

आणि मग त्याला ताप आला. चांगला चार दिवस. अंथरुणात पडल्या पडल्या हात शिवशिवले म्हणून त्याने औषधाचं खोकं उसवलं आणि आतल्या कोऱ्या बाजूवर सहज एक माणूस काढला. मान नाही, खांदे भोपळ्यासारखे गोल, आणि अंगावर तिरप्या रेघांची दाट सावली. सावली भरताना त्याने नकळत कागद आडवा फिरवला. ही त्याची लहानपणची खोड, दुसऱ्यांच्या रेघा उचलताना दबून राहिलेली. का फिरवतो, हे त्यालाही कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

ताप उतरल्यावर तो ते खोकं घेऊन पुस्तकवाल्या बाईंकडे गेला. बाईंनी ते हातात घेतलं आणि खुर्चीतून उठल्याच. "अहो, या उलट्या बाजूने उतरणाऱ्या सावल्या! हे कुठून आणलंत?"

झेरॉक्सची छाती फुगली. इतक्या वर्षांनी फुगली, त्यामुळे जरा जास्तच फुगली. "ही रेघ माझी एकट्याची आहे," तो म्हणाला, "मला कुणी शिकवली नाही." बाईंनी वाक्य लगेच टिपून घेतलं. त्याच रेघेतल्या चित्रांचं पुस्तक काढायचं ठरवलं आणि त्याच्या मागच्या पानावर, झेरॉक्सच्या फोटोखाली, ते जाड अक्षरात बसवलं.

छपाईच्या दिवशी नमुन्याची प्रत हातात आली. त्याने पाच वाजेपर्यंत होकार कळवायचा, की मशीन सुरू. पण त्याआधी ती ताईला दाखवायची होती. ताई त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. कोपऱ्यावर तिचं शिवणकामाचं दुकान आहे. एक मशीन, एक आरसा आणि कापडांचा ढीग, एवढंच.

तो दारात पोहोचला तेव्हा ताई पाठमोरी वाकली होती. खाकी कागदावर गिऱ्हाइकाला दाखवायला झग्याचं चित्र काढत होती. झगा घातलेल्या बाईला मान नव्हती. खांदे गोल होते. चुण्यांची सावली भराभर उतरत होती, डावीकडून उजवीकडे खाली, अगदी त्याच्या पुस्तकातल्यासारखी. कागद मात्र जागचा हलत नव्हता. हलवायची गरजच नव्हती, कारण खडू ताईच्या डाव्या हातात होता.

पुस्तक काखेत धरून तो उंबऱ्यातच उभा राहिला.

सात वर्षांचा असताना तो महिनाभर तापाने पडून होता. ताई शाळेतून आली की औषधाच्या खोक्यांवर त्याला चित्रं काढून द्यायची. चोरून काढायची, कारण सगळं उजव्याच हाताने करायचं, असा बाबांचा हुकूम होता. हा ती चित्रं खिडकीच्या काचेवर धरून वर कागद ठेवून गिरवायचा. सावली काही केल्या तशी उतरायची नाही, म्हणून कागद फिरवायचा. एका संध्याकाळी तिने दोन जहाजं काढून दिली. याला तिसरं हवं होतं. "उद्या काढते रे, अभ्यास राहिलाय," ती म्हणाली. एवढंच! पण स्वारी रुसली, आणि बाबा घरात पाऊल टाकतायत तोच सांगून मोकळी झाली, "बाबा, ताई डाव्या हाताने काढते."

बाबांनी तिच्यासमोर तिच्या पेन्सिली मोडल्या. एकेक करून मोडल्या. त्यानंतर ताईने त्याला कधी चित्र काढून दिलं नाही, आणि त्यानेही कधी मागितलं नाही.

चाहूल लागताच ताईने खडू झटकन उजव्या हातात घेतला, डावा कापडाखाली लपवला. मग वळून बघितलं आणि हसली.

"तू होय! मला वाटलं..." बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. "सांगू नकोस हं कुणाला," ती थट्टेने म्हणाली.

धरणीने पोटात घ्यावं असं त्याला झालं.

ताईने हात पुसून पुस्तक घेतलं. सावकाश पानं उलटली. एका सावलीवर तिचं बोट थांबलं, जरा फिरलं, आणि तिने ते उचलून घेतलं. मग मागचं पान मोठ्याने वाचलं, कारण ती सगळंच मोठ्याने वाचते. "ही रेघ माझी एकट्याची आहे. मला कुणी शिकवली नाही."

"छान लिहिलंय," ती म्हणाली, "फोटोही बरा आलाय तुझा."

टोमणा असता तर त्याने गिळला असता. तिने दोन ठेवून दिल्या असत्या तरी चाललं असतं. पण ती मनापासून बोलत होती, आणि त्याची मान काही वर होईना.

"ताई, ही तुझी रेघ आहे."

"चल, काहीतरीच! मी कसली चित्रं काढतेय."

"आणि चहाडी मी केली होती."

"माहीत होतं की," ताई पुस्तक मिटत म्हणाली. "तिसरं जहाज राहूनच गेलं रे तुझं."

पाचला दहा कमी होते. त्याने फोन लावला.

"बाई, छपाई थांबवा. मागचं पान बदलायचंय."

"आत्ता? काय चुकलंय?"

"मी खोटं बोललोय. ती रेघ माझी नाही."

पलीकडे पेनचं टोपण उघडल्याचा आवाज आला. मग बाईंनी कोरड्या आवाजात विचारलं, "मग काय छापू?"

ताई मान हलवून नको नको म्हणत होती. डावा हात अजून कापडाखालीच होता.

"लिहा," तो म्हणाला, "ही रेघ माझ्या थोरल्या बहिणीची आहे. ती डाव्या हाताने काढते."

हेच त्याने पस्तीस वर्षांपूर्वी बाबांना सांगितलं होतं. फोन ठेवला तरी तिच्याकडे बघायचा त्याला धीर होईना. तो जमिनीकडे बघत बसला. थोड्या वेळाने कागदावर खडू घासल्याचा आवाज आला. त्याने मान वर केली, तर ताईचा डावा हात कापडाबाहेर आला होता आणि खाकी कागदावर जहाजाचं शीड उतरत होतं.